बाबांना दिसलेल्या पायऱ्या

बाबांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. फणसवाडीतल्या आमच्या चाळीचा जिना लाकडी, अंधारा, धरायला लोंबता दोरखंड. मी म्हटलं, "बाबा, ठाण्याला माझ्याकडे चला, लिफ्ट आहे." तर म्हणाले, "लिफ्टने उतरून भेटू कोणाला? वॉचमनला?" शेवटी आमच्यात तह झाला. मी मोबाइलवर एक ॲप बनवायचं. ते कॅमेऱ्यासमोरच्या पायऱ्या ओळखून त्यांना स्क्रीनवर ठळक पिवळा रंग देईल. ते बघून बाबा एकटे उतरू शकले तर राहतील इथेच. नाहीतर बोजाबिस्तरा ठाण्याला.

चित्रातला कुठला ठिपका पायरीचा आणि कुठला नाही, हे ठरवणारा कोड ऑफिसातल्या मैत्रिणीने पायथनमध्ये लिहिला होता. माझ्या लॅपटॉपवर तो झकास चालायचा. मोबाइलसाठी कॉटलिन या दुसऱ्या भाषेत उतरवायचा, एवढंच काम. एवढंच म्हणे! ओळीला ओळ लावली आणि जिन्यात फोन धरला. अंधारातल्या पायऱ्या पिवळ्याधमक, आणि खिडकीच्या उजेडातला मधला टप्पा गायब. अहो, उलटं व्हायला हवं ना? माणूस अंधारात चाचपडतो, माझा कोड उजेडात.

वैतागून फोन बाबांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा, काय काय दिसत नाही ते."

बाबांनी एका हाताने फोन डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या हाताने दोर, आणि उतरले की झपझप! "सगळं दिसतं. मधला टप्पासुद्धा. फर्स्टक्लास केलंयस गं."

मी चक्रावले. माझ्या हातात जो टप्पा दिसत नाही तो त्यांच्या हातात दिसतो? फोनचा कोन बदलून पाहिला, उंची बदलून पाहिली. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून उजेड परततो की काय, इथपर्यंत माझी अक्कल धावली आणि मी त्यांचा सदरा घालून जिन्यात उभी राहिले. समोरच्या काकू म्हणाल्या, "बरी आहेस ना गं?" बरी कसली, डोक्याचं पार भजं झालं होतं. दर खेपेला बाबांना विचारायचे आणि दर खेपेला तेच उत्तर, "दिसतंय." माझ्याच डोळ्यांवरचा माझा भरवसा उडायला लागला.

एका दुपारी परळच्या ऑफिसात डबा खाताना चूक सापडली. पांढऱ्याशुभ्र ठिपक्याचा आकडा पायथनमध्ये दोनशे पंचावन्न. कॉटलिनमध्ये मी तोच बाइट जसाच्या तसा वाचत होते, तर तो व्हायचा उणे एक, कारण तिथला बाइट एकशे सत्तावीसपर्यंतच मोजतो, पुढचं सगळं उणे धरतो. जे जे उजळ ते ते शून्याच्या खाली, काळ्याहून काळं. मैत्रिणीने कपाळावर हात मारला. एक ओळ बदलली आणि टप्पा उगवला. मग बाबांना तो आधी कसा दिसत होता, हे काही सुटेना. पण आनंदाच्या भरात मी तेवढं सोडून दिलं.

पाडव्याच्या सकाळी काकूंनी मधल्या टप्प्यावर रांगोळी काढली, भलंमोठं कमळ. आमच्या चाळीत रांगोळीवर कोणी पाय देत नाही. लहानपणी माझी टाच चुकून लागली तरी बाबा मला मागे फिरून नमस्कार करायला लावत. मी टप्प्याच्या कडेला उभी राहिले, माझ्या फोनवरही तेच ॲप. अख्खा टप्पा पिवळा, त्यातून कमळाची पाकळी न् पाकळी स्पष्ट.

"दिसतंय ना बाबा?"

"लख्ख! रांगोळी काय सुरेख काढलीय हिने," बाबा म्हणाले, आणि कमळाच्या बरोब्बर मध्ये त्यांनी पाय दिला.

काकू काही बोलणार, तोच मी त्यांना खुणेने गप्प केलं. बाबांना टप्पा दिसला नव्हता. आधीही नाही, आताही नाही. स्क्रीनसुद्धा दिसत नव्हती. पाडव्याला काकू रांगोळी काढतात हे त्यांना पाठ होतं, यंदा नेमकी कुठे ते नव्हतं. या जिन्यावर राहता यावं म्हणून, आणि मी हिरमुसू नये म्हणूनही, ते इतके दिवस माझ्या ॲपचं कौतुक करत होते.

दोर धरून ते खाली गेले, कुठेही न अडखळता. मागे पायरीपायरीवर रांगोळीची पांढरी पावलं. एकही पायरी चुकली नव्हती.

खाली पोचून त्यांनी फोन उंच धरला आणि मी उभी नव्हते त्या बाजूला बघून ते हसले. "काय गं? ठाणं कॅन्सल ना?"

"कॅन्सल, बाबा," मी म्हटलं.