माझ्या भाच्याची कारणं

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलावर बलात्काराचा गुन्हा दाखल झाला आणि तो कोठडीत गेला, तेव्हा घरात सुतकासारखी शांतता होती. त्याला जामीन मिळाला आणि घराला वाचा फुटली. मी भेटायला गेले तर ओसरीवर भावकी बसलेली, आणि जो तो आपापलं कारण घेऊन आलेला. लग्नाच्या याद्या करताना जसा उत्साह असतो तसाच होता म्हणा ना.

मी भोकरदनची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. बहीण दिली ती धावड्याच्या पुढच्या एका गावात. तिचा हा मुलगा दहावीपर्यंत माझ्या घरी राहून शिकला. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला, त्यामुळे त्याच्याबद्दल मी परक्यासारखं बोलू शकत नाही. जिनं तक्रार केली ती त्याच गावातली. मधली काही वर्षं माझी बदली तिथल्या शाळेत होती, तेव्हा ती माझ्या वर्गात होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली होती आणि शिवणकाम करून आई-भावाला हातभार लावत होती. भाच्याची बायको तेव्हा बाळंतपणाला गेलेली. येणाऱ्या बाळासाठी झबली-टोपडी शिवायला माझ्याच बहिणीनं तिच्याकडे टाकली होती. ती झबली द्यायला ती दुपारी घरी आली. बहीण शेतात होती, घरात भाचा एकटा होता.

बहिणीचं म्हणणं असं, की पोरगं भोळं आहे. "आक्का, तिनंच नादी लावलं त्याला. भरदुपारी एकटी बाई घरात येतेच कशाला?" मी म्हटलं, "झबली घेऊन ये असं तूच सांगितलं होतंस ना?" ती म्हणाली, "सांगितलं म्हणून काय लगेच यायचं?"

भाच्याच्या चुलत्याचं कारण जास्त भारदस्त होतं. "त्या दिवशी चतुर्थी होती. पोरगा सकाळपासून राजूरला गेल्ता, गणपतीच्या लायनीत उभा व्हता." राजूरच्या गणपतीला चतुर्थीला अर्धा जिल्हा लोटतो. त्या गर्दीत कोण होतं आणि कोण नव्हतं हे गणपतीच जाणे, आणि गणपतीला समन्स निघत नाही.

खुद्द भाचा सांगायचा की थोडी घेतलेली होती, काहीच आठवत नाही. काहीच आठवत नसताना ती दारात हसली होती एवढं मात्र त्याला बराबर आठवत होतं. आणि सगळ्यांच्या बोलण्याच्या शेवटी कुणीतरी मान हलवून म्हणायचं, बायको माहेरी, तरणाताठा माणूस, होऊन जातं. गारपीट होऊन जावी तसं.

हे सगळं खरं धरलं, तर माझा भाचा एकाच दुपारी राजूरच्या रांगेत उभा होता, घरी पिऊन पडला होता, एका बाईच्या नादी लागला होता आणि बायकोच्या आठवणीनं व्याकूळ होता. एवढा उद्योगी तो शाळेत कधी नव्हता. मी हे बोलून दाखवलं तर चुलते म्हणाले, "बाई, तुम्ही घरच्या का तिच्या?" त्यांना चारही कारणं एकाच वेळी हवी होती. एक नाही चाललं तर दुसरं.

मग चहाचं ठरलं. आमच्याकडे दोन घरांत वितुष्ट आलं की एकमेकांच्या पाण्यालासुद्धा शिवत नाहीत. मिटवायचं असेल तर चार मोठी माणसं घेऊन समोरच्याच्या घरी जायचं. त्यांनी चहा ठेवला आणि आपण तो प्यायला, की मिटलं. पुढं कोर्टात ती बाई जबाब फिरवणार हे कुणी बोलून दाखवत नाही. गावानं तिच्या भावाला गाठून गळ घातली होती आणि तो बिचारा कबूल झाला होता. त्याला त्याच गावात शेती करायची होती. तिला मात्र पाहुणे येणार आहेत एवढंच सांगितलेलं होतं. एकदा घोट घशाखाली उतरले असते तर तिच्या बाजूला पुन्हा कोणी उभं राहिलं नसतं.

तिच्या घराकडे फिरकायचं नाही अशी जामिनाची अट होती. वकिलानंही बजावलं होतं. बहीण म्हणाली, "आपण कुठं भेटायला चाललोय? चहाला चाललोय." मी सोबत असावं असा तिचा हट्ट होता, बाईंचं ती ऐकेल म्हणून. मी गेले, पण त्यासाठी नाही. माझ्या घरी वाढलेला हा मुलगा निदान तिच्या तोंडावर तरी खरं बोलेल, अशी मला आशा होती. मला त्याची लाज वाटत होती, आणि माया काही केल्या आटत नाही याचीही लाज वाटत होती.

आम्ही भाच्यासकट तिच्या घरी सतरंजीवर बसलो. शिलाई मशीन कोपऱ्यात सारून वर चादर टाकली होती. ती आतून चहाचा ट्रे घेऊन आली, आम्हाला पाहिलं आणि थबकली. मला वाटलं ट्रे हातातून पडेल. तिनं तो खाली ठेवला, आणि कुणाच्याही हातात कप न देता समोर बसली.

चुलत्यांनी घसा साफ केला. "पोरी, झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही माफी मागाया आलोत. आता पोरगा त्या दिवशी राजूरला गेल्ता ही गोष्ट येगळी..."

"राजूरला गेल्ते, मंग माफी कशाची?" ती म्हणाली.

चुलते माझ्याकडे पाहू लागले. मी भिंतीकडे पाहत राहिले. मग ती भाच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "चहा घ्या सगळे. मी न्हाई म्हणत न्हाई. फक्त आधी यांनी सांगावं, त्या दिवशी काय केलं. का केलं ते मला नको. काय केलं तेवढंच."

बहिणीनं मुलाला कोपर मारलं. तो मान खाली घालून बसला होता. मला आत कुठंतरी वाटत होतं, आता बोलेल. त्यानं मान वर केली आणि एकदम तावातावानं बोलायला लागला, जणू अन्याय त्याच्यावर झाला होता.

"मी वाईट माणूस न्हाई. कडी लावली ती तुझ्यासाठीच लावली, कोणी पाहिलं असतं तर तुझीच इज्जत गेली असती. तू वरडून राह्यली म्हणून तोंड दाबलं. न्हाई दाबलं असतं तर सगळं गाव गोळा झालं असतं. तुझीच बदनामी टाळली मी, अन् तू केस करून राह्यली माझ्यावर?"

चुलत्यांचा कपाकडे निघालेला हात वाटेतच थांबला. राजूर गेलं, दारू गेली, तिचं हसणंही गेलं, आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवलं. त्याला मात्र आपण आपली बाजू उत्तम मांडली असं वाटत होतं. तिचा भाऊ इतका वेळ दारात उभा होता. तो आत आला, त्यानं ट्रे उचलला आणि चहा मोरीत ओतला. ती तशीच बसून होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

मला भोकरदनला सोडायला सगळेच जीपनं निघाले, वाटेत चुलते त्याला वाट्टेल ते बोलले. तुला गप बस म्हणलं होतं, एवढंच वेगवेगळ्या शिव्या घालून. बहीण रडत होती. तो माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "मावशी, चुकलं माझं." इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी चटकन त्याच्याकडे वळले. माझा हात त्याच्या डोक्यावर जायच्या बेतात होता.

"मी तिथं बोलायलाच नको होतं," तो म्हणाला.

भोकरदन आल्यावर मी ड्रायव्हरला पोलीस ठाण्यासमोर थांबायला सांगितलं. बहिणीनं विचारलं, "इथं काय काम काढलं?" मी म्हटलं, "हा आज जे बोलला ते सांगून येते." तिनं माझं मनगट धरलं. मी ते सोडवून खाली उतरले. भाच्यानं खिडकीतून तोंड काढलं. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"मावशी, मंग हेही सांग त्यांना, की मी चूक कबूल केली म्हणून."

मी तेही सांगितलं. कोणती चूक, तेही सांगितलं.