उसाच्या बांधावरचा आलाप

जुन्या कॅसेटींचा डबा उघडला की कुबट वास येतो आणि मी राजुरीच्या आमच्या उसाच्या बांधावर जाते. उसाला पाणी भरताना बिबट्या लांब राहावा म्हणून सगळे टेपवर दणदणीत गाणी लावायचे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्या संध्याकाळी ख्यालाची कॅसेट निवडली.

"आवो, हे लई हळू हाय," आई म्हणाली.

"पोरीच्या कानाला चांगलं वळण लागू दे."

आलाप सुरू झाला. गवई श्वासासाठी थांबला, तेवढ्यात वारा नसताना ऊस सळसळला. आमचा कुत्रा एकदाच केकाटला. पुढचा सूर लागला तेव्हा खुंट्याला नुसती साखळी उरली होती.

अण्णांची निवड उत्तमच होती, हे आता कळतं. तरी गवई थांबला की माझा हात आवाज वाढवायला जातो.