प्रोसेसरला वाहिलेला झेंडू

माझा जुना कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला, म्हणून लेकीने नवा प्रोसेसर बसवायला कॅबिनेट उघडलं. आतल्या धुळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या.

"आई, दसऱ्याला फूल वाहतेस ते ठीक, पण पंखा अडकला असता ना!"

तिने जुना प्रोसेसर अलगद काढून माझ्या हातावर ठेवला. नखाएवढा नाही, पण बिस्किटापेक्षा लहानच. माझी सगळी भाषांतरं यानेच वाहिली, आणि मी त्याला आज पहिल्यांदा पाहत होते. तो ज्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, बसला होता, त्यानेच नव्याला मुकाट्याने जागा दिली.

इतकी वर्षं मी फूल वाहिलं ते बाहेरच्या पत्र्याला. राबणारा आत होता. बरं झालं, पाकळ्यांनी त्याचा पत्ता आपणच शोधला.