पंतांचा पांढरा कावळा

ठाण्याच्या टेंभीपाशी राहणारे प्रभाकरपंत रोज आगगाडीने कल्याणच्या कचेरीत कारकुनी करायला जात. आगगाडी येऊन पंचवीसएक वर्षं झाली होती, तरी पुष्कळ लोक अजून जीव मुठीत धरूनच तिच्यात बसत. पंत मात्र खिडकी पकडून पाखरं बघत. नुसतं बघत नसत, डबाभर जाहीर करत. "गेला, गेला! मानससरोवरातला राजहंस होता!" बाकीच्यांनी मान वळवेपर्यंत गाडी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरलेली असे, आणि काळोखात पुरावा मागणार कोण? पंतांचे सगळे दुर्मिळ पक्षी नेमके बोगद्याच्या अलीकडेच दिसत.

या नादामागे निकोलस होता. निकोलस हा ठाण्यातल्या एका गोऱ्या साहेबाचा खानसामा. कल्याणच्या बाजारात कोंबड्या घ्यायला जाताना तो पंतांच्याच डब्यात बसे. त्याच्या साहेबाला पाखरांचं वेड. वेड म्हणजे त्यांना गोळी घालायची, पोटात कापूस भरायचा आणि पेटीतून विलायतेला धाडायचं. एवढी माया पाखरांवर कोणी केली नसेल. "ज्याला नवा पाखरू गावतो ना पंत, त्याचा नाव थेट बुकात छापतात," असं निकोलस एकदा सहज बोलून गेला. पंतांच्या डोक्यात ते जे शिरलं, ते बाहेर निघेना.

पंतांना लहानपणापासून सांभाळलं ते कल्याणच्या विश्रामकाकांनी. काका जुने पंतोजी, खोटं बोलणाऱ्या पोराच्या पाठीवर छडी मोडणारे. त्यांच्याच घरात हा असा थापाड्या निपजावा, याचं त्यांना फार वाईट वाटे.

आणि एक दिवस कामानिमित्त बदलापूरकडे जाताना, विठ्ठलवाडीच्या बाजूच्या एका आंब्यावर पंतांना खरोखरच पांढरा कावळा दिसला. चोच कावळ्याची, ऐट कावळ्याची, रंग धुतल्या धोतराचा. या वेळी बोगदा नव्हता, पण डब्यात दुसरं कोणी जागंही नव्हतं. पंतांनी शपथा घेतल्या. लोक हसले. निकोलसने मात्र साहेबाच्या कानावर घातलं, आणि पंधरा दिवसांनी, रविवारी, होडीने कल्याणला येऊन साहेब स्वतः कावळा बघणार असं ठरलं. पंतांनी छाती पुढे काढून हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात विश्रामकाका गेले. आजारपणात त्यांनी पुतण्याला जवळ बोलावून विचारलं होतं, "प्रभाकर, कावळा खरंच पाहिलास?"

"देवाशप्पथ, काका."

"मग मलाही दाखव एकदा." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. त्यांना ते खरं वाटलं की नाही, हे पंतांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दहावा नेमका रविवारी आला. खाडीकाठी काकांचा मुलगा गोविंदा पिंड मांडून बसला. झाडावर पन्नास काळे कावळे, पण एकही खाली उतरेना. "आईला अंतर देणार नाही," गोविंदा म्हणाला. कावळे ढिम्म. "घर विकणार नाही." कावळे पंख खाजवत बसले. उन्हं चढली तसे भटजी कंटाळून म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या."

"नको," गोविंदा म्हणाला. "बाबांना आयुष्यात खोटं चाललं नाही. आता शेवटाला नको." मग तो हळूच म्हणाला, "दादा, त्यांना तुझा तो पांढरा कावळा बघायचा होता."

सगळे पंतांकडे वळून बघू लागले. पंतांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात काठावरच्या बगळ्यांतून एक पांढरं पाखरू उठलं, पिंडावर उतरलं, चोच मारली आणि पलीकडच्या झाडावर जाऊन कावकाव करू लागलं.

गोविंदा हमसून रडला. पंतही रडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा पक्षी चारचौघांनी पाहिला होता, आणि काकांनीही.

होडी काठाला लागली ती तेव्हाच. साहेब बंदूक घेऊन उतरला, मागे निकोलस. "किधर है तुम्हारा सफेद कौवा?"

पंतांच्या ओठांवर शब्द आले होते. समोर कावळा, हाकेवर विलायतेतलं बुक. साहेबाची नजर झाडाकडे गेली, बंदूक वर चढली. पंत धावत जाऊन नळीपुढे उभे राहिले.

"कौवा नहीं, साहेब. वो बगळा है. मेरी भूल हो गई."

"बगळा?" साहेब डोळे बारीक करून बघू लागला. पाखरू पानाआड सरकलं होतं आणि नशिबाने गप्प होतं. भटजी म्हणाले, बगळाच. गोविंदा म्हणाला, बगळाच. साहेबाने खानसाम्याकडे पाहिलं. निकोलसने एकवार पिंडाकडे बघितलं, टोपी काढली आणि छातीवर क्रूस केला. "हां साहेब. बगलाच हाय."

बगळ्यावर काडतूस कोण वाया घालवणार? साहेब खदाखदा हसला. "तुम्हारा सब चिडिया ऐसाच?" असं म्हणून तो होडीत बसला.

वर्षभराने निकोलस डब्यात पंतांजवळ येऊन बसला. साहेबाने विलायतेत लेख छापला होता. त्यात लिहिलं होतं, की या मुलखातल्या लोकांना कावळा आणि बगळा यांतला फरक कळत नाही. पुरावा म्हणून कल्याणचा कारकून प्रभाकर.

पंतांनी खिडकी सोडून निकोलसकडे तोंड वळवलं. "नाव बरोबर छापलंय ना?" त्यांनी विचारलं.

"अक्षर न् अक्षर, पंत."

पुढे आयुष्यभर पंत डब्यात नवा माणूस आला की सांगत, "आमचं नाव विलायतेत छापून आलंय." आणि कशाबद्दल, असं कोणी विचारायच्या आत गाडी बोगद्यात शिरलेली असे.