आतोबांची मोटारबोट

माझ्या आतोबांइतका बोटीचा विचार केलेला माणूस गंगेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल, आणि त्यांच्याइतका पाण्याला भ्यालेलाही. गंगा म्हणजे आमची गोदावरी. निजामाच्या अमदानीत पालमकडं तिच्या काठाला त्यांची शेती होती आणि एकुलती लेक पैलतीरी दिलेली. पंचमीला मुराळी होऊन तिला आणायला जावं, तर नेमका पूर आणि नाव बंद. कोळी वाळलेले भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून खुशाल ये-जा करायचे. पण आतोबा गुडघाभर पाण्यातही देवाचा धावा करणारे! तेव्हा त्यांनी ठरवलं, आपली मोटारबोट करायची. हैदराबादेच्या तलावावर त्यांनी एक पाहिली होती, अर्थात काठावरून. गिरणीचं जुनं इंजिन आणून गोठ्यात ठेवलं. आता सवाल एकच उरला: बोटीला बाजूनं चाकं लावायची की खाली पंखा?

या सवालापायी त्यांनी कुणाला सुखानं जेवू दिलं नाही. चुडाव्याच्या स्टेशनात आगगाडीच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं. त्यानं अर्थातच चाकाला कौल दिला. उन्हाळ्यात पात्रातली वाळू उघडी पडली की पंखा रुतेल म्हणून ते चाकाचे व्हायचे, आणि पुरातून झाडं वाहत आली की चाक अडकेल म्हणून पंख्याचे. बाभळीचा पंखा करवून त्यांनी तो इंजिनाला जोडला आणि म्हशींच्या हौदात फिरवून पाहिला. हौदातलं पाणी थेट आत्याच्या चुलीत गेलं. "ताकद लय हाय," आतोबा समाधानानं म्हणाले. आत्या काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. बोटीचं लाकूड मात्र अजून झाडातच उभं होतं.

असे किती श्रावण गेले. एका पंचमीला कोळ्यानं लेकीचा निरोप आणला, की यंदापासून आबांची वाट बघत न्हाई म्हणावं. निरोपात राग नव्हता, तेच त्यांना फार लागलं. उठले, धोतर खोचलं, मला म्हणाले, चल. सांगडीवर त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझा दंड असा आवळला की तो पोळ्यापर्यंत दुखत होता.

लेक झोक्यावरून उतरून धावत आली आणि चिंब बापाकडं बघतच राहिली. आतोबा खाली मान घालून म्हणाले, "इंजिनाचं काय जमंना बाई, म्हून मीच आलो."

तिनं पदरानं त्यांचं डोकं पुसायला घेतलं. त्यांनी पुसू दिलं.