कोटातली ऊब

या थंड मुलखात प्रभूच्या सेवेला आलेल्या आम्हा वयस्क जोडप्यांची एक रीत आहे. मायदेशी निघालेली बाई विमानतळावर आपला लोकरी कोट काढून नव्याने आलेल्या बाईच्या अंगावर घालते. आज नगरहून आलेली बाई कुडकुडत हसली, "अगं बाई, अजून ऊब आहे की याला!" काचेबाहेर बर्फ तरंगत होतं. कोण येतंय, कोण जातंय, कळेनासं झालं. ऊब तेवढी या अंगावरून त्या अंगावर जात राहिली.

"अहो, पुढच्या खेपेला माझा कोट हं," बायको म्हणाली. "नात चालायला लागायच्या आत पोचू."

तिला न विचारताच मी इथल्या सेवेचं आणखी एक वर्ष कबूल करून बसलोय. "थंडी आहे," एवढंच म्हणालो, आणि तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.