पेरूच्या बागेतली मालगाडी

आगगाडी माणसांच्या सोयीसाठी असते, ही गोष्ट आमच्या मामांना उभ्या जन्मात कुणी पटवून देऊ शकले नाही. त्यांच्या मते माणसेच आगगाडीसाठी जन्माला आलेली होती. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत मी नोकरीसाठी कोल्हापुरात आलो आणि रंकाळ्याच्या बाजूला त्यांच्याच घरी उतरलो. दिवसभर मामा कचेरीत मान खाली घालून कारकुनी करत. पण घरी आले की पगडी उतरायच्या आत परसात पोचत. तिथे त्यांची आगगाडी होती. लोखंडी पट्ट्यांचे वीतभर रुंदीचे रूळ स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून निघत, पेरूच्या झाडांखालून आडाला वळसा घालत आणि बागेच्या टोकाला सरपणाच्या खोलीशी संपत. देवदारी खोक्यांचे डबे, त्यांना पुढून सुतळी, आणि सुतळीच्या टोकाला खुद्द मामा, तोंडाने शिट्टी वाजवत.

आडाच्या वाटेवर त्यांनी बांबूचे फाटकही बसवले होते. मामांची गाडी निघाली की ते बंद होई आणि पाणी भरायला आलेली आत्या कमरेवर घागर घेऊन पलीकडे उभी राही. "अहो, उघडा की ते! कंबर मोडाय लागली." "गाडी जाऊ दे आधी," मामा तिकडे न बघता म्हणत. "नियम म्हंजे नियम."

पण सुतळीने ओढायची गाडी ही गाडीच नव्हे, हे शल्य त्यांना छळत होते. स्वतःच्या बळावर पळणारी, चावीची मोटर बसवलेली एक मालगाडी त्यांना हवी होती. घरी लाकडी सांगाडा तयार झाला. वाण्याकडची झिजलेली पितळी वजने आणून, त्यांना रुळावर धरणारी कड पाडून चाके केली. भिंतीवरच्या घड्याळाचे चावीचे यंत्र बसवून पाहिले, तर गाडी जागची हलेना. मग मामांची नजर आत्याच्या बाजावर गेली. चावी देऊन तबकड्या वाजवायचा तो कर्ण्याचा बाजा माझ्या वडिलांनी बहिणीला दिलेला. संध्याकाळी भाजी निवडत गाणी ऐकणे, एवढीच तिची चैन. एकदा ती देवीच्या दर्शनाहून परतली, तर कर्णा जमिनीवर आडवा आणि मामांच्या हातात बाजाचे आतडे. आत्या भांडली नाही. "बरं," एवढेच म्हणून आत गेली, आणि तेव्हापासून मामांना मुकाट्याने वाढू लागली. भांडण मामांना चालले असते. त्या मुकेपणाने मात्र ते अर्ध्या भाकरीवरच उठत.

घड्याळे दुरुस्त करणारे एक चाचा त्यांचे दोस्त होते. ते मोटर बघून म्हणाले, "मामासाब, हे तबकडी फिरवायला केलंय, मालगाडी ओढायला न्हवं. दात्यांची चाकं मोठी लावा. सावकाश जाईल, पर जाईल." सावकाश हा शब्द मामांनी ऐकलाच नाही. पहिल्या चाचणीला शेजारपाजार जमला. मामांनी चावी भरली, शिट्टी दिली आणि गाडी सुटली ती तीरासारखी. आडाच्या वळणावर रूळ सोडून थेट आत्याने वाळत घातलेल्या सांडग्यांत घुसली. तेवढ्यात मागच्या दारातून आत्याचे हसू फुटले. "अहो, स्टेशन चुकलं की तुमचं!" कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. मामाही हसले, पण डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा का घेतला, ते मी विचारले नाही.

मग चाचांच्या म्हणण्याप्रमाणे दाते बदलले आणि गाडी बैलगाडीच्या चालीने, पण इमानाने धावू लागली.

त्यानंतर मानमोडीची, त्या इन्फ्लुएंझाची साथ आली. आत्याला ताप भरला. डॉक्टरांनी तिला सरपणाच्या खोलीत वेगळे ठेवले, त्याच दुखण्यातून उठलेली एक म्हातारी सोबतीला दिली आणि आम्हा दोघांना तिकडे फिरकायची बंदी केली. मामा गाडीवर पेजेचे भांडे, औषधाची बाटली ठेवून चावी भरत. पलीकडे म्हातारी ते उतरवून घेई आणि गाडी फिरवून, चावी भरून रिकामे भांडे परत पाठवी. मामा मागच्या पायरीवर बसून असत. भांडे रिकामे आले की जरा सैल होत.

एके दिवशी पेज तशीच परत आली. मामांनी ती गरम करून पुन्हा धाडली. पुन्हा तशीच आली. मामा उठले, रुळांच्या कडेने चालत गेले आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले. मी मागे थांबलो होतो. "अगं, दोन घोट तरी घे की," ते म्हणाले. आतून बारीक आवाज आला, "तुमच्या गाडीतनं येईस्तोवर गार हुती ती."

"मग मी आणतो की."

एरवी लिंबूसुद्धा मालगाडीनेच धाडणारा तो माणूस तेव्हापासून दोन्ही हातांत गरम भांडे धरून बागेतून जाऊ लागला. डॉक्टर ओरडले. मामांनी ऐकले नाही. त्या साथीत आमच्या गल्लीतली कितीतरी घरे ओस पडली, आत्या वाचली. ती हिंडूफिरू लागल्यावर मामांनी आपण होऊन मोटर काढून बाजात परत बसवली. त्यानंतर सगळी गाणी जरा रेंगाळत म्हटल्यासारखी वाजत. आत्याने कधी तक्रार केली नाही.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. मामा पोचवायला स्टेशनवर आले. स्टेशनात पाऊल ठेवले की ते आधी इंजिनाशी जात, ड्रायव्हरला नाना प्रश्न विचारून भंडावून सोडत. त्या दिवशी गेले नाहीत. माझ्या खिडकीची दांडी धरून उभे राहिले. गाडी हलली तसे चार पावले बरोबर चालत आले.

"तुझ्या आत्तीनं दशम्या बांधल्यात," ते म्हणाले. "खा म्हंजे झालं."

एवढेच. तीच आमची शेवटची भेट ठरली. मिरज मागे पडेपर्यंत मला दशम्यांचे फडके सोडवले नाही.